नऊ मीटरची गल्ली

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय लुंबिनीस,
सप्रेम जयभीम.

फोनवर तू हो हो म्हणतेस आणि तेवढ्यात तुला ऑफिसात कुणीतरी हाक मारतं. म्हणून लिहिते आहे. कागद तरी पुरता वाचशील.

आनंदाची गोष्ट आहे. सोसायटीच्या कॉलनीत आपल्याला प्लॉट मिळाला. तुझ्या मोठ्या बाबांचं नाव प्रतीक्षायादीत चार वर्षं पहिलं होतं, ते आता लागलं. नंबर एकशे सत्तेचाळीस. अगदी शेवटची ओळ, मागे मोहरीचं शेत. तू करोल बागेतल्या त्या ऑफिसात असताना जो नकाशा काढत होतीस, तीच ही कॉलनी. तू रात्रंदिवस ज्या रेघा ओढत होतीस, त्या रेघांवर आता खरोखर दगड रोवले आहेत, हे पाहून मला गंमत वाटली.

आज आम्ही पानिपतच्या बसने गेलो होतो. जागा पानिपतच्या बऱ्याच अलीकडे आहे, हायवेवर उतरून पंधरा मिनिटं चालावं लागतं. जोतं बांधून झालं आहे. तिथेच वंदना घेतली, तीन मेणबत्त्या लावल्या. दोन वाऱ्याने विझल्या, त्या घरी परत आणल्या.

मोठे बाबा ३१ जानेवारीला रिटायर होतात. त्यानंतर सहा महिने क्वार्टर मिळेल, म्हणजे जुलैपर्यंत. तोवर छत पडलं की आपण आपल्या घरात. तीस वर्षं सरकारच्या भिंतीला खिळा ठोकताना परवानगीचा विचार केला, आता नाही करायचा.

तू पाच वर्षं आमच्याकडे राहिलीस आणि नोकरी सोडून एकदम नागपूरला गेलीस. दिल्लीची हवा सोसत नाही म्हणालीस. आता इथली हवा खरंच वाईट आहे, तेव्हा ते बरंच झालं म्हणायचं.

तुझी मोठी आई
कौसल्या

०

नागपूर
१७ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मोठी आई,
सविनय जयभीम.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मोठ्या बाबांना माझा जयभीम सांग.

एक काम सांगते, करशील का? पुढच्या वेळी साइटवर जाशील तेव्हा गल्ल्यांची रुंदी मोज. दोन्ही बाजूंना मालकांच्या हद्दीचे दगड रोवले असतील, या दगडापासून समोरच्या दगडापर्यंत. मंजूर नकाशात प्रत्येक गल्ली नऊ मीटरची आहे. विशेष काही नाही, सहज विचारते आहे.

तुला वाटेल नऊ काय आणि आठ काय. पण लोक गाड्या घरासमोरच लावणार, दोन्ही बाजूंना. त्या उभ्या राहिल्या की मधे जे उरतं तोच खरा रस्ता. त्यातून आगीचा बंब जायला हवा, अँब्युलन्स जायला हवी, आणि समोरून कुणी आलं तर त्यालाही जागा हवी. कागदावर एक बोट सरकलं की तिथे एक गाडी अडकते. आमच्या कामात पहिल्या वर्षी हेच शिकवतात.

डांबर कधी टाकणार आहेत तेही विचारून ठेव. डांबराच्या आधी मोजलंस तर बरं.

तुझी
लुंबिनी

०

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय लुंबिनीस,
सप्रेम जयभीम.

तुझं काम झालं. काल रविवारी मोजलं.

घरात टेप नव्हती, शेजारी मागायला गेले तर ते गावाला गेलेले. एका दिवसासाठी नवी कशाला घ्यायची म्हणून मी तुझ्या आजीचं हिरवं लुगडं पिशवीत घातलं. गोधडीसाठी म्हणून ठेवलं होतं, कापायला कधी हात धजला नाही. आजी सांगायची, पुरं नऊचं आहे, दुकानदाराने तिच्या डोळ्यांसमोर मोजून दिलं होतं.

एक टोक मोठ्या बाबांच्या हातात दिलं आणि दगडाशी उभं केलं. ते मान वळवून मोहरीकडे बघत राहिले, जणू पदर आपोआप त्यांच्या हाती आला होता. गवंडी म्हणाला, "अम्माजी, सुखाना है तो छत पे डालो, सड़क पे क्यों?" मोठे बाबा त्याला म्हणाले, "हमारे यहाँ ऐसे ही नापते हैं, भाई." नंतर मला म्हणाले, लवकर आटप.

दुसरी गल्ली, तिसरी आणि आपली दहावी. तिन्ही ठिकाणी काठ दगडाला बरोबर टेकला. तसूभर कमी नाही, जास्त नाही. तेव्हा तू निश्चिंत राहा.

आणखी एक. दुसऱ्या गल्लीतल्या गिरिजाताई आहेत ना, पोस्टात होत्या त्या. त्यांनी सेक्रेटरींकडे तक्रार केली होती की गल्ल्या अरुंद दिसतात. सेक्रेटरी श्यामकांतराव तिथेच होते. मी मोजलं हे कळल्यावर म्हणाले, "वहिनी, चार ओळी लिहून द्या. सभेचं हजेरीपुस्तक तुमच्याकडे असतं, त्यात आजवर एक खाडाखोड नाही. तुमच्या शब्दापुढे कुणी बोलणार नाही." मी लिहून दिलं, सही केली. गिरिजाताईंनी वाचलं आणि तक्रार मागे घेतली. म्हणाल्या, तुम्ही मोजलंय तर बिल्कुल ठीक आहे.

डांबर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात.

तुझी मोठी आई

०

नागपूर
१ डिसेंबर २०२४

आदरणीय मोठी आई,
सविनय जयभीम.

हे पत्र मिळाल्यावर आधी बसून घे.

लुगडं नऊ मीटरचं नसतं. नऊ वारांचं असतं. वार मीटरपेक्षा लहान, एक्क्याण्णव सेंटीमीटरचा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरही पुरते होत नाहीत. आणि आजीचं लुगडं किती धुतलेलं आहे ते तूच जाणतेस, तेव्हा त्याहून दोन बोटं कमीच.

म्हणजे जिथे काठ दगडाला टेकला, तिथे गल्ली नऊ मीटर नाही. लोखंडी टेपने पुन्हा मोज. सगळ्या दहाही गल्ल्या मोजत बसू नकोस, थंडी आहे, एक मोजलीस तरी पुरे. सगळ्या सारख्याच भरतील.

तू लिहून दिलेला कागद परत मिळतो का बघ.

तुझी
लुंबिनी

०

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
९ डिसेंबर २०२४

प्रिय लुंबिनीस,
सप्रेम जयभीम.

पत्र पाच तारखेला मिळालं. दुसऱ्या दिवशी सहा डिसेंबर, म्हणून विहारात गेले, दुसरीकडे कुठे नाही. सात तारखेला करोल बागेतून टेप आणली आणि काल मोजलं.

चूक माझी आहे. ब्लाउजपीस मीटरने मिळतं, पडदे मीटरने, तेव्हा लुगड्याचे नऊही मीटरच असणार असं मी धरलं. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या बाईने एवढं तरी विचारायला हवं होतं. रोज सकाळी चौथं शील म्हणते, खोटं बोलणार नाही. मुद्दाम बोलले नाही, पण लिहून तर दिलं, आणि गिरिजाताई त्यावर गप्प बसल्या.

आम्ही मोजत होतो तेव्हाच तिसऱ्या गल्लीत विटांचा ट्रॅक्टर रिकामा होत होता. अलीकडे गिरिजाताईंच्या ओळखीच्या एकाची मोटार उभी होती. समोरून पाण्याचा टँकर आला. ट्रॅक्टर हलेना, टँकर वळेना. वीस मिनिटं दोन्ही ड्रायव्हर एकमेकांच्या गावाची विचारपूस करत होते, तीही चांगल्या शब्दांत नव्हे. शेवटी टँकर उलटा हायवेपर्यंत गेला. तुझ्या पत्रातलं सगळं समोर दिसलं.

मी दहाही गल्ल्या मोजल्या. तू नको म्हणालीस तरी. प्रत्येक गल्ली आठ मीटर वीस. एकही आठ पंचवीस नाही, एकही आठ पंधरा नाही.

म्हणून तुला विचारते. कंत्राटदाराची चूक असती तर एक गल्ली कमी भरली असती, एक जास्त. दगड रोवणाऱ्याचा हात काही यंत्र नाही. दहाच्या दहा सारख्या भरल्या म्हणजे त्या कागदावरूनच तशा उतरल्या. आणि सगळ्या सारख्या भरतील हे तू न मोजता नागपुरात बसून लिहिलंस. तू दिल्ली सोडलीस तेव्हा त्या जागेवर एक दगड नव्हता, गहू उभा होता.

मोठ्या बाबांना यातलं अजून काही बोलले नाही. ते टेपचं टोक धरून उभे होते, आकडे मीच वाचले.

तुझी मोठी आई

०

नागपूर
१४ डिसेंबर २०२४

आदरणीय मोठी आई,
सविनय जयभीम.

तू विचारशील हे मला ठाऊक होतं. विचारावंस म्हणूनच बहुतेक मोजायला सांगितलं.

मंजूर नकाशा नऊ मीटरचाच आहे. तो मी काढला. त्यानंतर दगड रोवायला जो खुणांचा कागद साइटवर जातो, तोही मीच काढला. साहेबांनी सांगितलं, कमिटीला यादीतल्या लोकांना सामावून घ्यायचंय, प्रत्येक गल्लीतून ऐंशी सेंटीमीटर काढ. दहा गल्ल्यांचे मिळून आठ मीटर होतात. ती आठ मीटरची पट्टी जमिनीच्या शेवटी मोकळी झाली आणि तिच्यावर सात प्लॉट बसले.

मंजूर नकाशात प्लॉट एकशे सेहेचाळीसच आहेत, मोठी आई.

यादीत पहिलं नाव कुणाचं आहे हे मला माहीत होतं. साहेबांनी मला दम दिला नाही. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणी काढलं असतं, असंही मी स्वतःला सांगितलं. पण खरं म्हणजे मी तुमच्या स्वयंपाकघरात पाच वर्षं जेवले आणि मला वाटलं, ऐंशी सेंटीमीटर कुणाच्या लक्षात येणार आहेत. कागद दिला, आणि पुढच्या महिन्यात नोकरी सोडली. हवेचं कारण खोटं होतं.

डांबर पडलं, भिंती उठल्या की मग ते कायमचं होईल. आता तुमचं जोतं सोडलं तर फक्त दगड आहेत. दगड उचलून सरकवता येतात. म्हणून तुला लिहिलं. तू मोजशील आणि तूच बोलशील, म्हणजे मला बोलावं लागणार नाही, असा माझा हिशोब होता. तुझ्या घराचा प्रश्न आहे हे माहीत असून. आता तू काही बोलली नाहीस तरी मी तुला काही म्हणणार नाही.

तुझी
लुंबिनी

०

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
२३ डिसेंबर २०२४

प्रिय लुंबिनीस,
सप्रेम जयभीम.

काल सोसायटीची सभा झाली. क्रमाने लिहिते.

तुझं पत्र बुधवारी आलं. ते मी मोठ्या बाबांना वाचायला दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, परत घातला, परत वाचलं. मग एवढंच म्हणाले, "म्हणजे जुलैनंतर आपण कुठे?" मी म्हटलं, ठाऊक नाही. दोन दिवस ते माझ्याशी जेवणापुरते बोलले. दुसऱ्या सगळ्या सोसायट्यांत असंच चालतं, असं एकदा भिंतीकडे बघून म्हणाले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शनिवारी रात्री त्यांनी स्वतःच टेप काढून माझ्या पिशवीत ठेवली. लुगडंही ठेवलं.

सभेला साठ-सत्तर माणसं होती. हजेरी घेऊन झाल्यावर मी उभी राहिले. म्हटलं, नोव्हेंबरात मी एक कागद लिहून दिला होता, तो चुकीचा आहे, तो मला परत हवा. मग लुगडं आणि टेप शेजारी शेजारी सतरंजीवर पसरली. लुगडं जिथे संपलं तिथून टेप नऊच्या आकड्यापर्यंत पुढे ऐंशी सेंटीमीटर गेली. लोक आधी हसले. मग पुढच्या रांगेतले वाकून आकडा बघू लागले.

गिरिजाताईंना मी म्हटलं, तुमचं बरोबर होतं, माझ्यामुळे तुम्ही गप्प बसलात. त्या म्हणाल्या, गप्प बसायची माझी सवय नाही, तुमच्याकरता बसले होते, आता नाही बसणार. आणि नाही बसल्या. अर्धा तास.

मग मी सात प्लॉटांचं सांगितलं. एकशे सत्तेचाळीस ते एकशे त्रेपन्न हे मंजूर नकाशात नाहीतच, आणि त्यातला पहिला आमचा. बाकी सहा घरांचे लोक उठले. एकाने विचारलं, तुमच्याकडे नकाशा कुठून आला. एक बाई म्हणाली, स्वतःला नको असेल तर दुसऱ्याचं का घालवता. ते मला लागलं. तिचे दोन मुलगे आहेत आणि तेही सरकारी क्वार्टरमध्येच राहतात.

श्यामकांतराव जवळ येऊन हळू म्हणाले, "वहिनी, तुमचाच प्लॉट जातोय, कळतंय ना?"

मी म्हटलं, "कळतंय. म्हणूनच मी बोलतेय. गिरिजाताई बोलल्या असत्या तर तुम्ही मत्सर म्हणाला असता."

शेवटी ठरलं ते असं. डांबर थांबवायचं. मंजूर नकाशाप्रमाणे दगड पुन्हा लावायचे. सातही जणांचे पैसे परत. हे सगळं आनंदाने ठरलं असं समजू नकोस. पुढच्या तपासणीत पकडले जाऊ, या भीतीने ठरलं. मला त्याचं काही नाही.

कुणीतरी विचारलं, खुणांचा कागद काढला कुणी? मी म्हटलं, मला माहीत आहे, पण ते ज्याचं त्याने सांगायचं आहे. तुझं पत्र पिशवीत होतं. मी ते काढलं नाही. माझं वाक्य मी बोलले. तुझं तू बोल.

तुझी मोठी आई

०

नागपूर
३० डिसेंबर २०२४

आदरणीय मोठी आई,
सविनय जयभीम.

माझं नाव लिहून, सही करून, खुणांचा कागद मी काढला असं सोसायटीला आणि नकाशा मंजूर करणाऱ्या खात्याला आज रजिस्टर पोस्टाने पाठवलं. जुन्या साहेबांनाही एक प्रत. इथल्या ऑफिसातही सांगितलं. इथले साहेब एवढंच म्हणाले, सुट्टी किती दिवसांची हवी. नोकरीचं काय ते परत आल्यावर कळेल.

दहा जानेवारीला पोचते. दगड परत लावायला कागद लागेल. तो मी काढून आणते. या वेळी मंजूर नकाशा आणि खुणांचा कागद, दोन्हींवर एकच आकडा.

माफी मागणारं एक वाक्य लिहिलं होतं, ते खोडलं. समोर बोलेन.

तुझी
लुंबिनी

०

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
२७ जानेवारी २०२५

प्रिय लुंबिनीस,
सप्रेम जयभीम.

तू गेल्यानंतरचं राहिलेलं काम काल पुरं झालं, म्हणून कळवते. तू पाचव्या गल्लीपर्यंत होतीस. बाकीच्या पाचांचे दगड गिरिजाताईंनी उभं राहून लावून घेतले. तुझा कागद हातात धरून त्या गवंड्याला अशा ओरडत होत्या की तो मला म्हणाला, अम्माजी, आपकी साड़ी ही ठीक थी.

दहाही गल्ल्या मी मोजल्या. नऊ मीटर. तू म्हणाली होतीस तसा एकच आकडा. वहीत तारखेसह लिहिला, खाली सही केली.

आपलं जोतं पाडलं. त्याच्या विटा फुकट जाऊ नयेत म्हणून कंत्राटदाराला म्हटलं, रस्त्याखाली भरायला घे. त्याने घेतल्या. त्या बाईने, दोन मुलगे असलेल्या, माझ्याशी बोलणं सोडलं आहे. मी दर सभेत तिच्या हजेरीच्या वेळी नाव नीट घेते, दुसरं काय करणार. नागपूरच्या ऑफिसचं काय ठरलं ते तू लिहिलं नाहीस. ठरलं की लिही, वाईट असलं तरी लिही.

मोठे बाबा शुक्रवारी रिटायर होतात. जुलैनंतरचं अजून ठरलेलं नाही. दोन खोल्या भाड्याने बघतो आहोत, पुढचं पुढे. सामान कमी आहे हे बरं. लुगडं मी धुऊन कपाटात ठेवलं. गोधडीला आता कापीन.

काल परत निघताना तिसऱ्या गल्लीत तोच विटांचा ट्रॅक्टर उभा होता, अलीकडे ती मोटार, आणि समोरून पाण्याचा टँकर आला. आम्ही दोघं कडेला थांबलो. टँकरवाल्याने वेग कमी केला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि न थांबता निघून गेला.

मोठे बाबा तो हायवेला लागेपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "आपल्या अंगणातून गेला."

तुझी मोठी आई
कौसल्या